झावळीचा क्रूस

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा ड्युटीवरून आल्या आल्या, उभ्यानेच, आणि एकदा जेवण झाल्यावर नीट बसून. गोव्यात येऊन आठ महिने झाले आणि तू मिस्सेला जेमतेम चारदा गेलास, हे तू न लपवता लिहिलंस ते मला आवडलं. कोंकणी कळत नाही, चर्चमध्ये कुणी ओळखीचं नाही, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि खोलीत बसून मोबाईलवर गावाकडची मराठी मिस्सा पाहिली की मन जास्त लागतं, असं तुझं म्हणणं. आईला सांगू नको असंही लिहिलंस. नाही सांगणार. पण तुझी आई आणि मी एका वर्गातल्या, त्यामुळे मावशीच्या हक्काने चार गोष्टी तुलाच सांगते.

मी इथे आले ती नर्सिंग संपवून, एकटी. श्रीरामपूरकडची मुलगी, सप्टेंबर आला की हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे पवित्र मारियेच्या, यात्रेला जायचं, पेटी-तबल्यावर भजनं म्हणायची, मैदानात चटई टाकून बसायचं. माझी भक्ती तशी वाढलेली. इथल्या पहिल्याच रविवारी एका चर्चमध्ये रिकामा बाक दिसला म्हणून बसले, तर एका बाईंनी येऊन सांगितलं, ही जागा कॉन्फ्रारियाची, उठा. सणाची आणि मिरवणुकीची कामं पाहणारं ते चर्चमधलं जुनं मंडळ, हे मला कुठे ठाऊक असायला! सगळ्यांसमोर उठावं लागलं. पुढचे पाच महिने मी शेवटच्या बाकावर बसायची आणि अखेरचा आशीर्वाद होण्याआधीच निघून यायची. कुणी माझं नाव विचारलं नाही हे खरं, पण मीही कुणाला सांगायला थांबले नाही.

मग ऑक्टोबर आला. एका संध्याकाळी दार वाजलं. खालच्या घरातली म्हातारी उभी, हातात घडी केलेलं पांढरं कापड. म्हणाली, ‘तुमगेर सायबिण हाडूं?’ मला अर्थ कळला नाही, मी नुसती मान हलवली. सायबिण म्हणजे पवित्र मारियेची मूर्ती. ती वाड्यातल्या घराघरांत फिरते, एका घरी मुक्काम करते, आणि दुसऱ्या संध्याकाळी शेजारी तिला गाणी म्हणत, मेणबत्त्या घेऊन पुढच्या घरी पोचवतात. माझ्या खोलीत साधं टेबल नव्हतं. आम्ही माझी पत्र्याची ट्रंक उभी केली, तिच्यावर ते कापड घातलं, अबोलीचा एक वळेसर ठेवला. त्या एवढ्याशा खोलीत पंधरा-वीस माणसं मावली, लहान मुलं माझ्या खाटेवर चढून बसली. जपमाळ सुरू झाली. ते ‘नमान मोरिये’ म्हणत, मी ओठातल्या ओठात ‘नमो मारिया’ म्हणत होते. दुसरं रहस्य, म्हणजे जपमाळेचा दुसरा भाग, संपलं तशी म्हातारी माझ्याकडे वळली आणि तिने खुणेनेच सांगितलं, पुढचं तू म्हण, तुझ्या भाषेत. मी मराठीत म्हटलं आणि सगळ्या खोलीने कोंकणीत उत्तर दिलं. शेवटी उकडलेले चणे वाटले. ते ज्याच्या घरी सायबिण येते त्याने करायचे असतात. मला माहीत नसणार हे ओळखून म्हातारीने पातेलं भरून आणलं होतं. त्या रात्री मूर्ती माझ्या खोलीत होती. मी दिवा न मालवताच झोपले.

तुझ्या वाड्यातही या दिवसांत सायबिण फिरत असेल. शेजारच्या घरी जाऊन विचार, आमच्या खोलीवर आणाल का? पाच जणांची खोली आहे, चौघे हिंदू आहेत, असले विचार करू नकोस. त्या चौघांनाही सांग. आमच्या इमारतीतली हिंदू कुटुंबं दरवर्षी फुलं आणून देतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला, ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने, हिंदूंचीही तेल घेऊन रांग लागते. शिरगावच्या लईराई देवीला आणि तिला इथले लोक बहिणी मानतात. आपल्या मतमाउलीला तरी काय फक्त ख्रिस्ती येतात?

आता भाषेबद्दल. ही अडचण खरी आहे, तिला मी क्षुल्लक म्हणणार नाही. प्रार्थनेची भाषा आईच्या दुधातून आलेली असते. पण तू ज्या वेर्ण्यात काम करतोस तिथून रायतूर फार लांब नाही. एखाद्या सुट्टीला जा. तिथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. हा जन्माने इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच १६१९ साली वारला. त्याने येशूची कथा इथल्या लोकांना गाता यावी म्हणून ओवीत लिहिली, मराठी ओवीत, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या! म्हणजे तुझी भाषा इथल्या चर्चला परकी नाही. आणि बाणावलीचे संत जोसेफ वाझ आठव. तेही तुझ्या वाटेवरचेच. सिलोनमध्ये डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, तेव्हा हा माणूस १६८७ साली मजुराच्या वेशात तिथे उतरला, तामिळ शिकला, सिंहली शिकला, आणि १७११ साली कँडीत मरेपर्यंत त्या लोकांचाच होऊन राहिला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला जाऊन त्यांना संत घोषित केलं. त्यांना दोन भाषा शिकाव्या लागल्या. तुला तर ‘आमच्या बापा’ एवढं कोंकणीत पाठ करायचं आहे, आणि निम्मे शब्द तुला आत्ताच कळतात.

इतिहासाबद्दल तुझ्या खोलीतल्या मित्राने टोचून विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलंस. जे झालं ते मान्य कर. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, लोकांवर जबरदस्ती झाली. विश्वासाच्या नावाने अन्याय झाला हे सांगताना आपली मान खाली जाते, आणि जायलाच हवी. वाद घालू नकोस. तू त्याच्याशी कसा वागतोस ते तो रोज पाहतो आहे.

मोबाईलवरच्या मिस्सेला मी नावं ठेवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती लावून देणारी मीच असते, आणि त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. २०२० साली ईस्टर १२ एप्रिलला होता, लॉकडाउन होतं, चर्चची दारं बंद. मीही रात्रीची ड्युटी संपवून मोबाईलवरच मिस्सा पाहिली आणि रडले. काय चुकल्यासारखं वाटतं आहे ते तेव्हा नेमकं कळलं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात, बाहेर विस्तव पेटवतात, त्यावरून पास्का मेणबत्ती लावतात, आणि मग ती ज्योत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. शेजारचा अनोळखी माणूस आपली मेणबत्ती तुझ्याकडे कलती करतो, तू तुझी पुढे धरतोस. वाऱ्याने विझली तर तो पुन्हा देतो. पडद्यावर ती ज्योत दिसते, पण तुझ्या हातातली मेणबत्ती लागत नाही.

आणखी एक नर्स म्हणून सांगते. उद्या तापाने फणफणलास तर खोलीवर ख्रिस्तप्रसाद घेऊन कोण येईल? तू त्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहतोस हेच कुणाला ठाऊक नसेल तर कुणीही नाही. म्हणून येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर थांब, फादरना भेट, नाव सांग, कुठे राहतोस ते सांग. गावाहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवून ठेव. रविवारी शिफ्ट असली तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, ती रविवारचीच धरतात. आणि काहीतरी काम माग. खुर्च्या लावायच्या, गाण्याची पानं वाटायची, फेस्ताच्या आधी पताका बांधायच्या. मला पहिल्या वर्षी पवित्र शनिवारी फरशी धुवायचं काम मिळालं होतं. बादली, खराटा आणि सोबत सहा बायका. त्या दोन तासांत मला जितकी नावं कळली तितकी शेवटच्या बाकावरून पाच महिन्यांत कळली नव्हती. त्यांतल्या एक, मला बाकावरून उठवणाऱ्या त्याच बाई. आज माझ्या धाकट्या मुलीच्या त्या धर्ममाता आहेत.

भांडणंही दिसतील. फेस्ताचा खर्च कुणी किती दिला, मिरवणुकीत कोण पुढे, गायनमंडळात कोण मोठं, यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पहिल्यांदा पाहशील तेव्हा मन खट्टू होईल. तरी जात राहा. प्रभूने निवडलेल्या बारा जणांतही मोठा कोण यावरून वाद झालाच होता, आणि तो त्यांच्यासोबत जेवायला बसला.

सणांचं सांगायचं तर इथलं वर्ष तुला आपोआप धरून नेईल, तू फक्त पाऊल टाक. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल आणि ३ डिसेंबरला फेस्त. बेळगाव आणि सावंतवाडीकडून लोक पायी येतात. भगवी पताका नसते, टाळ नसतात, पण चाल वारीचीच. तू वेर्ण्याहून रात्री निघालास तर पहाटेच्या मिस्सेला पोचशील. एकदा चालून बघ. सहा तास पायांनी केलेली प्रार्थना डोक्यात वेगळी बसते. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. याच सुमारास नाताळाआधीचा आगमनकाळही सुरू होतो: चार रविवार, चार मेणबत्त्या. नाताळ तुला कुणी शिकवायला नको, फक्त नेवऱ्या आणि दोदोलाचं ताट खोलीतल्या चौघांना आधी दे. जूनच्या २४ तारखेला सांजांवला, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाला, पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतील. योहानाच्या आईच्या, एलिझाबेथच्या, पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, तिची ती आठवण, हे ठाऊक असू दे आणि मग खुशाल उडी मार. ऑगस्टात आमच्या ताळगावात २१ तारखेला कणसांचं फेस्त असतं. फादर भाताची नवी कणसं आशीर्वादित करतात आणि लोक ती घरी नेतात. तेव्हा नक्की ये. तू शेतकऱ्याचा मुलगा, तुझा गळा दाटून येईल.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते उपवासकाळाबद्दल, कारण माझा विश्वास जो काही टिकला तो या चाळीस दिवसांनी टिकवला. ईस्टर चंद्रावर चालतो, आपल्या पंचांगातल्या सणांसारखा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. तिथून मागे मोजत राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. फार मोठे संकल्प करू नकोस. मी एकदा एकवेळ जेवायचं ठरवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात वॉर्डात रुग्णांवर खेकसायला लागले. फादरनी सांगितलं, जेव आणि गोड बोल. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जा. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्ह्यात संतांची मिरवणूक निघते. एकेका संताची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं चालतात. ईस्टरआधीच्या आज्ञा गुरुवारनंतर घंटा वाजत नाही, तिच्या जागी लाकडी फळीचा कोरडा खडखडाट होतो, आणि दोन दिवस तोच ऐकल्यावर शनिवारी रात्री घंटा वाजते तेव्हा अंगावर काटा येतो. तीस वर्षं ऐकते आहे, अजून येतो.

या पत्रासोबत पाकिटात एक वस्तू घातली आहे. मोडू नये म्हणून पुठ्ठ्यात ठेवली आहे, सांभाळून काढ. गेल्या झावळ्यांच्या रविवारची माडाची पात आहे, क्रूसासारखी विणलेली. विणणारी तीच खालच्या घरातली म्हातारी. तिची नजर आता अधू झाली आहे, बोटांनीच विणते. तेव्हापासून ती माझ्या देवघरात होती, म्हणून अशी पिवळी पडली आहे. तू तुझ्या खाटेच्या डोक्याशी लाव. राखेच्या बुधवारच्या आधी तुझ्या चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा करतील, त्या जाळून त्यांचीच राख करतात. तेव्हा ही नेऊन दे. त्या बुधवारी फादर तुझ्या कपाळाला राख लावतील, तिच्यात हिचीही थोडी असेल.

नोव्हेनेच्या पहिल्या रविवारी मी जुन्या गोव्यात सकाळच्या मिस्सेला असेन. डबा तुझ्यासाठी आणते, भाकरी आणि ठेचा. कुठे भेटायचं ते फोन करून ठरवू.

तुझी,
मावशी