पापण्यांची शस्त्रक्रिया: झोपवून करावी की जागेपणी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. वय ५६, वरच्या पापणीची कातडी केसांवर लोंबतेय, खाली पिशव्याही आहेत. एक सर्जन म्हणतात, जागेवर इंजेक्शन देऊन, नुसती पापणी बधिर करून जागेपणीच करू. दुसरे म्हणतात, पूर्ण भूल देऊन चारही पापण्या एकदम उरकू. आणि तुमच्या वहिनी म्हणतात, "झोपवूनच घे बाई, डोळ्याजवळ येणारी सुई कोण बघत बसेल?"

मी २५ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलंय. अशा रुग्णांच्या उशाशी बसूनही पाहिलंय आणि चार वर्षांपूर्वी स्वतः त्या टेबलावर आडवी पडूनही पाहिलंय. माझ्या फक्त वरच्या पापण्या होत्या आणि मी जागेवरचीच भूल घेतली.

आधी वहिनींची भीती. सुई दिसत नाही, कारण डोळे मिटलेले असतात. ती केसासारखी बारीक असते, ३० नंबरची. तिच्या टोचण्यापेक्षा औषध आत जाताना होणारी आग जास्त त्रास देते. अॅड्रिनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, आम्लधर्मी असतं, म्हणून आग होते. त्यात थोडा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, मिसळला आणि औषध हळूहळू सोडलं तर ती बरीच कमी होते. तुमच्या सर्जनना हे जरूर विचारा, यात संकोच कसला? मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. पहिल्या बाजूला चौदापर्यंत पोचले आणि संपलं. दुसऱ्या बाजूला मात्र, आता काय होणार हे ठाऊक असूनही, आधीच मुठी आवळल्या होत्या. इतक्या वर्षांत किती जणांना "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं" असं सांगितलं असेन! मुंगी नव्हती ती, चांगला मुंगळा होता.

इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटं छातीत धडधड होऊ शकते. ते अॅड्रिनलिन असतं, घाबरायचं नाही. त्याच्यामुळेच रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. त्याला नीट काम करायला दहा मिनिटं तरी द्यावी लागतात, म्हणून सर्जन इंजेक्शन देऊन नुसते बसलेले दिसले तर ते वेळ काढत नाहीयेत. औषध जास्त होईल का, ही शंकाही काही जणांना असते. २ टक्क्यांच्या लिग्नोकेनच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. चारही पापण्यांना मिळून आठ मिली लागलं तरी १६० मिलिग्रॅम होतं. अॅड्रिनलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२०. पुष्कळ अंतर आहे.

(गंमत म्हणजे जागेवरच्या भुलीची सुरुवातच डोळ्यापासून झाली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला होता.)

आता मुद्द्यावर येते. "कमी दुखेल ते कुठलं?" असा विचार करून भूल ठरवू नका. सर्जनला तुमची जागेपणी गरज आहे का, हे आधी विचारा. वरच्या पापणीत ती बहुधा असते. किती कातडी काढायची याच्या खुणा तुम्हाला बसवून, इंजेक्शनच्या आधी केल्या जातात, कारण औषध गेलं की पापणी फुगते आणि आडवं झालं की भुवई मागे सरकते. मग अर्ध्यावर सर्जन म्हणतात, "डोळे उघडा, वर बघा, आता मिटा." दोन्ही बाजू सारख्या आहेत का, डोळा पूर्ण मिटतोय का, हे तिथल्या तिथे कळतं. मला तर मध्येच उठवून बसवलं होतं. चेहऱ्यावर हिरवं कापड, डोळ्यात मलम, आणि समोर दोन सर्जन माझ्याकडे भिंतीवरची तसबीर तिरकी आहे का असं बघतायत!

तुमच्यासाठी यात एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे: नुसती कातडी सैल झालीये की पापणी उचलणारा स्नायूही कमजोर आहे? दुसऱ्या प्रकाराला टोसिस म्हणतात. तो दुरुस्त करायचा असेल तर मोठ्या माणसांत जागं असण्याला जवळजवळ पर्याय नाही, कारण पूर्ण भुलीत पापणीची उंची अंदाजानेच ठरवावी लागते. दोन सर्जनांची मतं वेगळी का आहेत, याचं उत्तर कदाचित इथेच सापडेल.

खालच्या पिशव्यांचं गणित निराळं. तिथे चरबी काढायची किंवा सरकवायची असते. कातडी छान बधिर असली तरी चरबी ओढली की आत खोल, डोळ्याच्या मागे ठणकल्यासारखं होतं. काहींना मळमळतं, काहींची नाडी एकदम मंदावते. डोळा आणि हृदय यांना जोडणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून वैद्यकात नोंदलेली आहे. माझ्या एका रुग्णाची नाडी ७६ वरून ४४ वर आली होती. सर्जनना "थांबा, सोडा" म्हटलं, ओढणं थांबलं, नाडी वर आली. न आल्यास नाडी वाढवणारं अॅट्रोपिन तयार असतंच. म्हणून खालच्या पापण्यांना मी जागेवरच्या भुलीबरोबर थोडी गुंगी सुचवते.

पण "गुंगी" हा शब्द फार सैल वापरला जातो. रात्री एक गोळी घ्या, हीपण गुंगी. मिडाझोलामचं छोटं इंजेक्शन, हीपण. आणि प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या झोपेच्या औषधावर घोरत पडणं, हीपण. तेव्हा कुठली, किती आणि मुख्य म्हणजे कोण देणार, हे विचारा. जो कापतोय त्यानेच गुंगीकडेही लक्ष ठेवायचं, हे मला मान्य नाही. शिरेतून औषध जाणार असेल तर उशाशी भूलतज्ज्ञ हवा आणि मॉनिटर लावलेला हवा. प्रोपोफॉलच्या गुंगीत पापणीला सुई लागली की काही रुग्ण झोपेतच जोरात शिंकतात. डोळ्याजवळ सुई आणि माणूस शिंकतोय, ही वेळ माझ्यावर आलेली आहे. सर्जननी हात झटकन मागे घेतला म्हणून निभावलं. त्यानंतर मी सुईच्या आधी थोडं फेंटानिल, म्हणजे तीव्र वेदनाशामक, देऊ लागले, त्याने हे कमी होतं.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. गुंगीत नाकाला ऑक्सिजन लावतात, आणि रक्त थांबवायला तिथेच कॉटरी, म्हणजे रक्तवाहिनीला चटका देऊन ती बंद करणारं उपकरण, वापरतात. कापडाखाली ऑक्सिजन साचला तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. हे क्वचित होतं, पण चेहऱ्यावरच होतं. चेहरा उघडा ठेवणं आणि कॉटरीच्या आधी ऑक्सिजन कमी किंवा बंद करणं, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी आपसात ठरवायचं असतं. तुम्ही घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर हे आधीच सांगा. तुमच्यासारख्यांना गुंगी हलकीच बरी.

पूर्ण भूल वाईट नाही. बरोबर फेसलिफ्टसारखं मोठं काम असेल, सतत खोकला किंवा मान-हात थरथरण्याचा त्रास असेल, किंवा भीतीने माणूस स्थिर पडूच शकत नसेल, तर मीही तीच देईन. तिची किंमत जागं होताना कळते. नळी काढताना खोकला, नंतर उलटीचे उमाळे, रक्तदाब वर, आणि नुकतीच शिवलेली पापणी. डोळ्यामागे रक्त साचणं फार क्वचित घडतं, पण दृष्टीवर बेतू शकणारी मुख्य गुंतागुंत तीच आहे. शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यात वाढत जाणारं दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करायचा.

तुमच्या जागी मी असते तर वरच्या पापण्या जागेवरच्या भुलीत घेतल्या असत्या आणि मापं मनासारखी जुळल्यावर, त्याच बैठकीत, खालच्यांसाठी हलकी गुंगी घेतली असती. हा क्रम जमेल का, ते पहिल्या सर्जनना विचारून बघा. अर्थात गुंगी ठरली की पोट रिकामं हवं: जेवण-नाश्ता सहा तास आधीपर्यंत, तळकट असेल तर आठ, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. बीपीची गोळी सकाळी घ्यायची का आणि अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का, हे तुमच्या फिजिशियनना विचारा, मनाने बंद करू नका. लसणाच्या कॅप्सूल आणि माशाचं तेल घेत असाल तर तेही सांगा, लोक त्यांना औषधात मोजतच नाहीत.

आणि त्या दिवशी पुढून बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता घाला. मी डोक्यातून घालायचा कुर्ता घालून गेले होते. परत निघताना तो पापण्यांना न लावता चढवायला नवरा आणि एक सिस्टर, दोघं लागले.