कुत्र्याचे पैसे सरकार देते का जी?

“मॅडम, आंधळ्याले रस्ता दाखवणारा कुत्रा असते म्हणे. त्याचे पैसे सरकार देते का जी?” सुनीलच्या (नाव बदललंय) आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. पोरगा 26 वर्षांचा, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि पाठोपाठ एकाचा फोन आला: तयार कुत्रा देतो, आधी नोंदणीचे 15,000 टाका. कापसाचे पैसे हातात होते, माउली टाकायलाच निघाली होती.

हा प्रश्न मला वरचेवर विचारतात, म्हणून सरळ सांगते. नाही देत. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत काठी, ब्रेलचं साहित्य, श्रवणयंत्र, तीनचाकी मिळते. जनावर मिळत नाही. आणि आगाऊ मागणाऱ्याला छदामही देऊ नका.

अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था 1929 पासून असे कुत्रे तयार करते. घेणाऱ्याकडून पहिल्या कुत्र्याचे 150 डॉलर घेते, बाकी भार देणग्यांवर. आपल्याकडे तसा देणगीदार उभा राहिला तरी मे महिन्यातल्या 45 अंशांत डांबरावर त्या कुत्र्याचे पाय भाजतील आणि गावातली मोकाट टोळी त्याला दोन पावलं चालू देणार नाही, असं माझं मत.

सुनील इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमचा वाघ्या हाये न. त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं, आवाजाच्या मागं जातो मी.” आई फणकारली, “हो, अन् परवा तो मांजरीमागं पळाला, हा नालीत!” तिघंही हसलो. हसता हसता त्याच्या तोंडून निघालं, “मले फक्त टपरीवर एकट्यानं जायचं हाये, मॅडम. आईचा हात धरून नाही.”

मूळ दुखणं हे होतं. कुत्रा देणाऱ्या संस्थासुद्धा आधी काठीनं चालता येतं का ते पाहतात, हे मी त्याला सांगितलं. त्याच दिवशी माझ्याकडची पांढरी काठी घेऊन आम्ही ओसरीत चाललो. डावा पाय पुढे, तर टोक उजवीकडे. उजवा पुढे, तर डावीकडे. पहिल्या दहा मिनिटांत शेजारची बादली दोनदा लवंडली. पुढच्या चार फेऱ्यांत नालीची कड त्यानं स्वतः ओळखली.

कागदांचं थोडक्यात सांगते: जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, बाकी सारं त्यावर अडतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये द्या. एसटीत 75 टक्के सवलत आहे. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. हे सांगितलं की बरेच सरपंच नव्यानं ऐकल्यासारखं करतात. काठी, बोलणारा मोबाइल, चालायचं प्रशिक्षण यांसाठी तिथं लेखी अर्ज द्यायचा.

सुनीलनं अर्ज दिला. आईनं फोनवर कळवलं, घेतला म्हणे. पोच? पोच नव्हती.

“उद्या त्यालाच पाठवा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुनीलचा फोन. “शिक्का मारून घेतला, मॅडम. एकटाच गेलतो. वाघ्या मागून आला.”