ताडोबाजवळ लग्न, पाहुण्यांना सफारी आणि लगेच अंदमानात डायव्हिंग: आठ दिवसांत जमेल का?

आठ दिवसांत जमतं. आम्ही सहा दिवसांत जमवलं होतं, आणि म्हणूनच सांगते की जमवायला जाऊ नका.

प्रश्नात तुम्ही लिहिलंय: दोघंही नागपूरचे, ताडोबाजवळच्या रिसॉर्टवर लग्न, दीडशे पाहुण्यांना सफारी, तिसऱ्या दिवशी अंदमान, आणि तिथे बोटीतून नाही तर किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरून डायव्हिंग. कसं आखावं आणि खर्च किती. खर्चाचं दुसरं कोणी सांगेल, माझे आकडे 2019 चे आहेत. आखणीबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण तिच्यावरून आमच्या सासरी अजून वाद होतो.

आमचं लग्न 10 फेब्रुवारी 2019 चं, वसंत पंचमीचा रविवार. मोहर्ली गेटकडच्या एका रिसॉर्टवर. तो हिवाळा नागपूरकरांना आठवत असेल, आदल्या 29 डिसेंबरला पारा 3.5 अंशांवर गेला होता. फेब्रुवारीतही पहाट बोचरीच होती. पाहुणे फक्त साठ. रिसॉर्टवाल्यांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं: डीजे नाही, फटाके नाहीत, माइक फक्त मंगलाष्टकांपुरता. लग्न अगदी मनासारखं लागलं. अंतरपाट धरलेला असताना मागच्या रानात वानर ओरडायला लागलं, तो सावधगिरीचा आवाज. गुरुजींचं ‘सावधान’ चालूच होतं आणि वाढायला आलेली मोहर्लीची पोरं माना वळवून त्या दिशेला बघत होती. आमच्या लग्नातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

रात्री नऊला आवारात एक टेम्पो शिरला. मोठेबाबांनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावांनी, मला न विचारता चंद्रपूरहून डीजे बोलावला होता. मी हात जोडून नको म्हटलं तर म्हणाले, “पोराचं लग्न होऊन राहिलं इथं, तेरवी नाही.” मॅनेजर एक शब्द बोलला नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम सगळीकडेच आहे, जंगलाच्या कडेला तर तो कुणी सांगायचीही गरज पडू नये. आमचा डीजे साडेबाराला थांबला, तोही गावातली चार माणसं येऊन उभी राहिली म्हणून. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, “बाई, गोठ्याकडं काई आलं तं आमाले ऐकू यायला पायजे ना.” बफरमधली, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातली, गावं अशीच जगतात. कुत्रं का भुंकतंय, चितळ कुठे ओरडलं, यावरून त्यांना कळतं की आज बाहेर पडायचं की नाही. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात त्या चंद्रपूर जिल्ह्यात आपण साडेतीन तास त्यांचे कान बंद करून ठेवले. ताडोबा हे नावही तारू या देवाचं आहे. वाघाशी लढताना मेलेला गावप्रमुख अशी त्याची कथा सांगतात, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. देवाच्या दारात आपण असं वागलो, याची मला आजही लाज वाटते.

नवरा साडेबारापर्यंत नाचला, न नाचता तर मोठेबाबा रुसले असते. घामाने भिजलेल्या कुर्त्यातच दीडला झोपला आणि साडेचारला उठला, कारण सकाळची जिप्सी आमच्या नावावर होती. उघड्या गाडीत गाईड म्हणाला, “सर, कानावर रुमाल बांधा,” तर ह्याने बांधला नाही. वाघ दिसला नाही. पाण्यावर आलेलं एक सांबर दिसलं, नाकातून वाफ निघत होती त्याच्या. मंगळवारी ताडोबा बंद, म्हणून त्या दिवशी नागपूरला घरी आलो, सत्यनारायण केला, जेवणावळ झाली. बुधवारी विमान. गुरुवारी पोर्ट ब्लेअरहून जहाजाने हॅवलॉक, ज्याचं नाव दीड महिन्यापूर्वीच स्वराज द्वीप झालं होतं. शुक्रवारी सकाळी डायव्हिंग.

नाक बुधवारपासूनच बंद होतं. विमान उतरताना त्याचा कान दुखला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डायव्हिंगच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, आणि सध्या सर्दी-पडसं आहे का. नवऱ्याने सर्दीपुढे ‘नाही’ लिहिलं. नाक मोकळं करायची गोळी घेऊन आला होता, वाटलं निभावेल. मी शेजारी बसून माझा फॉर्म भरत होते, मला दिसलं, आणि मी गप्प राहिले. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, एवढाच विचार मनात होता.

पाण्यात काय होतं ते नीट समजून घ्या. मध्यकर्णातून नाकाच्या मागे एक बारीक नळी उघडते. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, कानाचा पडदा आत ढकलला जातो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं की त्या नळीतून हवा आत जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. याला इक्वलाइज करणं म्हणतात. हे दर मीटरला करायचं, दुखायच्या आधी. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कानाला खरा त्रास पहिल्या तीन-चार मीटरमध्येच होतो, कारण हवेचं आकारमान तिथेच सगळ्यात झपाट्याने आकसतं. सर्दीत ही नळी सुजून बंद असते. गोळीने थोडी उघडली तरी तिचा असर पाण्यातच उतरला तर वर येताना हवा आत अडकते, ते आणखी वाईट.

हॅवलॉकच्या किनाऱ्यालगतच्या नेमो रीफला वाळूवरून चालत आत गेलो. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकवून सराव झाला: तोंडाने श्वास, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर. मग हळूहळू उतार. साधारण तीन मीटरवर प्रशिक्षकाने दोघांना विचारलं, ठीक? मी बोटांची गोल खूण केली. नवऱ्यानेही केली. त्याला तेव्हा कानात सुरी घातल्यासारखं होत होतं, हे त्याने नंतर सांगितलं. आणखी मीटरभर खाली गेलो आणि त्याच्या मास्कच्या काचेच्या आत खालच्या कडेला लालसर पाणी साचलेलं मला दिसलं. नाकातून रक्त. प्रशिक्षकाने त्याच क्षणी त्याला धरून सावकाश वर नेलं. त्या माणसाची काहीच चूक नव्हती, हे मुद्दाम लिहिते.

पोर्ट ब्लेअरच्या कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं: पडदा फाटला नव्हता, पण मागे रक्त साकळलं होतं. आठ दिवस विमान नको म्हणाले. परतीची तिकिटं गेली, अबर्डीन बाजारात एक खोली घेऊन राहिलो. सेल्युलर जेल तीन वेळा पाहिलं. नवऱ्याला डाव्या कानाने सगळं मडक्यातून आल्यासारखं ऐकू येत होतं, ते पूर्ण जायला दीड महिना लागला. आता कान उत्तम आहे.

तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला मोठेबाबा एकच वाक्य बोलतात: “जंगलात लग्न केलं म्हणून पोराचा कान गेला.” सासूबाईही मान हलवतात. पहिली काही वर्षं मी ऐकून घेतलं. आता घेत नाही. सर्दी वाऱ्याने होत नाही, विषाणूने होते, आणि मंडपात शिंकणारे जे तिघं-चौघं होते त्यात मोठेबाबा पहिले. तीन तासांच्या झोपेवर अंग त्याला तोंड देत नाही. झोप जंगलाने घेतली नव्हती, डीजेने घेतली. आणि कान गेला तो फॉर्मवर खोटं लिहिल्यामुळे, ज्यात नवऱ्याएवढाच माझाही वाटा आहे. मी माझा मान्य केलाय. बाकीच्यांनी त्यांचा करावा.

तर आखणी. लग्न आणि समुद्र यांच्यात निदान आठवडा ठेवा. लग्न करा, घरी या, देवदेव करा, झोपा, सर्दी झाली असेल तर ती बरी होऊ द्या, आणि मग विमानात बसा. सुट्टी मिळत नसेल तर डायव्हिंग उन्हाळ्याच्या तोंडाशी ठेवा. अंदमानात मार्च-एप्रिलला समुद्र शांत असतो. आम्ही मार्च 2022 मध्ये पुन्हा गेलो, चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला रीतसर कोर्स, केला, अठरा मीटरपर्यंत उतरलो. दोघंही. त्या वेळी दुसरं काहीही कार्यक्रमात नव्हतं.

दीडशे पाहुण्यांना सफारी हा विचार सोडून द्या. एका जिप्सीत सहा जण, म्हणजे पंचवीस गाड्या. गेटवर गाड्यांची संख्या ठरलेली असते, एका वेळी एवढ्या तुम्हाला मिळणार नाहीत. ज्यांना खरंच जंगल आवडतं अशा दहा-बारा जणांना न्या, बाकीच्यांना पाटवडी रस्सा आणि संत्रा बर्फी द्या, ते जास्त खूश होतील. ज्यांना न्याल त्यांना सांगून ठेवा की कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल नेऊ देत नाहीत, नाहीतर गेटवर रुसवेफुगवे होतात. गोरज मुहूर्त धरत असाल तर त्या दिवशी दुपारची सफारी कुणालाही देऊ नका. गाड्या सूर्यास्ताच्या सुमाराला बाहेर येतात. आमच्याकडे मुलीचा मामाच, म्हणजे माझा सख्खा मामा, दुपारच्या फेरीला गेला होता, आणि मला मंडपात आणायला धुळीने लाल झालेल्या डोक्यानेच धावत आला.

नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच सफारीला आणि विमानाला द्या. हौसेने सासरचं आडनाव लावून तिकीट काढू नका. नागपूरहून अंदमानला थेट विमान नाही, कोलकाता, चेन्नईसारख्या ठिकाणी बदलावं लागतं, तिथे नावावरून अडवलं तर पुढचं सगळं कोलमडतं.

किनाऱ्यावरून उतरायचं म्हणताय ते चांगलं आहे, बोट लागणाऱ्यांना तर तेच बरं. पण ते भरती-ओहोटीवर चालतं. तुम्हाला सांगतील त्या वेळेला जावं लागेल, मग ती सकाळी साडेसहा का असेना. तिथे घड्याळ आपलंच आहे पण सूर्य पूर्वेचा, पाचला उजाडतं आणि साडेपाचला मावळतो. हातभर हिरवा चुडा वेटसूटच्या बाहीत जात नाही, काच फुटली तर हात कापतो, तेव्हा सासूबाईंशी हे आधी बोलून घ्या. मंगळसूत्र खोलीवर ठेवा. नवरदेवाच्या मिशा भरघोस असतील तर मास्कमध्ये पाणी झिरपत राहील, त्याने घाबरू नये. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि त्याच्या खाली जायची गरजही नाही, मासे पाच मीटरवर भरपूर दिसतात.

डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. पाण्याखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो निघून जायच्या आधी उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. एकदाच उतरलात तर विमानाआधी किमान बारा तास, एकाहून जास्त वेळा उतरलात तर अठरा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला (2024 पासून नाव श्री विजयपुरम) काढली की हे आपोआप जमतं.

पैसे कमी असतील तर तारकर्ली करा, मालवणी जेवण तर मिळेल. मात्र पाणी अंदमानइतकं नितळ मिळणार नाही, आणि पावसाळ्यात ते बंदच असतं. ताडोबाचा कोअरही जुलै ते सप्टेंबर बंद.

मी डॉक्टर नाही. कुणाला दमा असेल, कान फुटायची जुनी सवय असेल, सायनसचा त्रास असेल तर नागपुरातच कानाच्या डॉक्टरांना दाखवून, लेखी घेऊन निघा. आणि आमच्यासारखीच सर्दी असूनही कुणी उतरून सुखरूप परत आला असेल, तर तो मला खाली लिहीलच. त्याचं ऐकू नका.

रिसॉर्टशी डीजेचं तोंडी ठरवू नका. करारात लिहून घ्या की बाहेरून आलेला कोणताही साउंड फाटकातून आत घेणार नाही, मग तो घरातल्या कितीही मोठ्या माणसाने मागवलेला असो. आणि तारीख काढताना गुरुजींना सांगा की दुसऱ्या दिवशी मंगळवार नको.