क्वार्टेटमध्ये पहिल्यांदा बसताना

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो; तू व्हायोलिनवर असलास तरी फक्त स्वतःचा पार्ट पाठ करून तालमीला जाऊ नकोस. पूर्ण स्कोअर, म्हणजे चौघांच्या ओळी एकाखाली एक असलेली प्रत, घे आणि तुझ्या ओळीखाली चेलो काय वाजवतो ते पेन्सिलने नोंदव. सुरुवातीला संगीतकार हायडनचा 1781 चा ओपस 33 हा क्वार्टेटचा संच घे; चौघांनाही त्यात बोलायला मिळतं.

नवखे फसतात ते सूर लावताना. सगळ्यांनी चेलोच्या ए तारेवरून लावा. पण शेजारच्या तारांमधला प्रत्येक पंचम अगदी शुद्ध लावलात, तर चेलोच्या सी तारेला सा मानून तुझ्या मोकळ्या ई तारेचा गंधार सुमारे 22 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो. म्हणून पंचम किंचित आवळून घ्या, म्हणजे सी जराशी चढी आणि ई जराशी उतरती राहते. मग संथ भाग व्हायब्रॅटोशिवाय, म्हणजे बोट हलवून सूर कंपित न करता, वाजवा: आधी एकटा चेलो, त्यावर एकेक जण. व्हायब्रॅटो बेसूर झाकतो, आणि झाकलेलं दुरुस्त होत नाही.

सगळ्यांनी एकत्र सुरू करायची खूण द्यायची तर आधीच्या एका मात्रेचा श्वास त्याच लयीत घे. घाईने श्वास घेतलास की चौघंही घाईत शिरतात.

सेकंड व्हायोलिन मिळालं तर हिरमुसू नकोस. आतली लय तेच धरतं, आणि फर्स्ट व सेकंड अशा दोन्ही जागा वाजवणाऱ्याला कामासाठी जास्त बोलावणी येतात.