थेट ड्राफ्ट की आधी कॉलेज? एका पिचरच्या आईला उत्तर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १७ वर्षांचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आहे. फास्टबॉल ताशी ९० मैलांच्या आसपास जातो. एका चांगल्या कॉलेज संघाने बोलावलंय. पण क्लबांसाठी खेळाडू हेरणारे दोन स्काउट बघून गेल्यापासून त्याचे कोच म्हणतात, ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे) नाव आलं तर सरळ करारावर सही करा, माइनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या संघांत, क्लबच त्याला घडवेल. त्याचे बाबा म्हणतात, खेळ पुरे, कॉम्प्युटर सायन्स कर. माइनर लीगमध्ये या मुलांना नक्की घडवतात तरी कसं?

उत्तर : ताई, कोच म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. क्लब पिचर घडवतात, आणि आज ते जितक्या बारकाईने घडवतात तितकं बहुतेक कॉलेजांना जमत नाही. मात्र कोणासाठी किती थांबायचं हे क्लब ठरवतो, आणि ते बरंचसं त्या मुलावर किती पैसे लावलेत यावर ठरतं.

मेजर लीग म्हणजे सर्वांत वरची लीग. तिच्या ३० क्लबांपैकी प्रत्येकाचे खाली चार संघ असतात, खालून वर : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याही खाली फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातलं क्लबचं प्रशिक्षण केंद्र, ज्याला सगळे कॉम्प्लेक्स म्हणतात. हायस्कूलमधून आलेला मुलगा साधारणपणे तिथून सुरुवात करतो. स्टँड जवळजवळ रिकामे आणि ऊन रणरणतं. सुरुवातीला सामने कमी आणि मोजमाप जास्त. चेंडू किती फिरतो, हातातून कुठे सुटतो, शेवटच्या क्षणी किती वळतो, हे सगळं रडार आणि हाय-स्पीड कॅमेऱ्यांवर टिपतात. त्यावरून त्याचा आराखडा ठरतो : स्लायडरची (बाजूला वळणाऱ्या चेंडूची) पकड बदलायची, चेंजअप (फसवा संथ चेंडू) नव्याने शिकायचा, पायांत ताकद आणायची.

पुढे संघात गेल्यावरही त्याला जिंकायला पाठवलेलं नसतं, आणि हे मुलांना फार जड जातं. माइनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असा आठवडा असतो. त्यामुळे सामना सुरू करणाऱ्या पिचरची पाळी साधारण आठवड्यातून एकदा येते. किती चेंडू टाकायचे ते आधीच ठरलेलं असतं. एकही रन दिली नसली तरी आकडा भरला की त्याला बाहेर काढतात. कधी सांगतात, आज चेंजअपच टाक, मार पडला तरी चालेल. शाळेत प्रत्येक सामना जिंकून दिलेल्या मुलाला ही शिस्त पचायला वेळ लागतो.

पॉल स्कीन्सचं बघा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला सर्वांत आधी उचललं आणि सही करण्याचा ९२ लाख डॉलर बोनस दिला. तो कॉलेज खेळून तयार होऊन आला होता. तरी २०२४च्या सुरुवातीला त्याला ट्रिपल-एला इंडियानापोलिसला ठेवलं, सामन्याचा थोडाच भाग टाकायला दिला, हळूहळू वाढवला आणि मे महिन्यात मेजर लीगमध्ये आणलं. एवढे पैसे लावल्यावर इतकं जपणारच. उलट, क्लबला अमेरिकेत एकूण १६५ खेळाडूच ठेवता येतात आणि दर जुलैत २० फेऱ्यांचा नवा ड्राफ्ट येतो. जागा करायची तर कोणाला तरी सोडावं लागतं, आणि स्वस्तात घेतलेल्यांवर ती पाळी लवकर येते. अपवाद आहेत. जेकब डीग्रॉम २०१०मध्ये नवव्या फेरीत आला, त्याच वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, तरी त्याचा क्लब न्यूयॉर्क मेट्स थांबला आणि २०१४मध्ये तो वर आला. पण अपवादावर घराचा हिशेब मांडू नये.

तुमच्या घराला जवळचं वाटेल असं एक नाव आहे, कुमार रॉकर. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत आले. २०१८मध्ये हायस्कूलनंतर ३८व्या फेरीत निवड होऊनही तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायला गेला. २०२१मध्ये मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी तिसरा घेतला, २०२३मध्ये कोपराला दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली आणि २०२४च्या सप्टेंबरात तो मेजर लीगमध्ये उतरला. कॉलेजने त्याची किंमत वाढवली, हात मात्र वाचवला नाही. दोन्ही वाटांवर हाताला धोका आहेच.

म्हणून आत्ताचं सांगते. मेजर लीगने डिसेंबर २०२४मध्ये काढलेल्या अहवालात वेगामागची धाव आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकणं ही दुखापतींची मोठी कारणं सांगितली आहेत. स्काउटना दाखवायला मुलगा वेग वाढवत असेल तर थांबवा. १७-१८ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १०५ चेंडू आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, असं त्यांचंच मार्गदर्शन आहे. शाळेचे आणि ट्रॅव्हल संघाचे (शाळेबाहेर स्पर्धांसाठी फिरणाऱ्या संघाचे) चेंडू एकत्र मोजा. दोन्ही कोच आपापलेच मोजतात.

आता पैसे. २०२३च्या करारात ठरलेलं किमान वार्षिक वेतन कॉम्प्लेक्सला १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० होतं. राहण्याची सोय क्लब करतो. एवढ्यावर भविष्य उभं राहत नाही, खरी रक्कम बोनसची. दहाव्या फेरीनंतरचे बोनस बहुतेक दीड लाख डॉलर किंवा त्याखाली असतात. तेवढ्यावर मी तुमच्या मुलाला सही करू देणार नाही. सही झाली की कॉलेज बेसबॉल संपलं. उलट चार वर्षांच्या कॉलेजला गेला तर तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ पूर्ण झाल्यावर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येतो. मोठी रक्कम आलीच, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लब देईल हे करारात वेगळं लिहून घ्या. खेळ सोडल्यावर दोन वर्षांत शिक्षण सुरू करावं लागतं, ही अटही नीट वाचा.

त्याच्या बाबांना सांगा, कॉम्प्युटर सायन्स आणि पिचिंग एकत्र जमू शकतं, पण वसंतातले प्रवास आणि लॅबचे तास एकमेकांवर येतात. प्रवेशाआधी कॉलेजच्या कोचला याबद्दल स्पष्ट विचारा. (क्लबांत पिचिंगचा डेटा वाचणाऱ्यांनाही आता चांगली मागणी आहे, हे बाबांच्या कानावर घालायला हरकत नाही.)

ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रिअट्स खेळतात, मेजर लीगच्या न्यूयॉर्क यांकीज क्लबचा डबल-ए संघ. तुमच्यापासून फार लांब नाही. तिघं मिळून एक सामना बघा आणि पिचरला कधी आणि का काढतात यावर मुलाशी बोला. मग किती बोनसखाली सही करायची नाही तो आकडा तिघांनी कागदावर लिहा. हे जुलैच्या आधी व्हायला हवं, कारण ड्राफ्टच्या दिवशी क्लबचा फोन आला की विचाराला काही मिनिटंच मिळतात.