‘म्याडम, पोराचं हाड सडलं का?’

धानाच्या रोवणीचे दिवस होते, म्हणून सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, ओपीडीत गर्दी कमी. गडचिरोलीकडच्या एका गावातली मावशी आली. मागे भिंत धरत, लंगडत तिचा चोवीस वर्षांचा मुलगा. एमआरआयची फिल्म टेबलावर ठेवून तिनं हळूच विचारलं, "म्याडम, खुब्यात सूज हाय म्हनते. सुजेनं हाड मेलं. मंग आत पू झाला का? घरच्या लेकरायले लागन का?"

‘हाड मेलं’ ऐकलं की माणसाला चिघळलेली जखमच दिसते. सिकलसेलमध्ये हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ताप आणि दुखणं एकत्र आलं तर थांबायचं नाही. पण याला ताप नव्हता, डॉक्टरांनी संसर्ग नाही असं तपासून सांगितलं होतं. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"मावशी, पाट बुजला तर शेवटच्या बांधीतलं धान आधी करपते ना? तसंच." मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला बारीक नसांतून रक्त जातं. विळ्यासारख्या वाकड्या पेशी तिथं अडकतात, हाड उपाशी मरतं. सूज येते ती त्यानंतर. मेलेलं हाड उचलायला शरीर पेशी पाठवतं.

मीही पूर्वी सांगायचे, सूज उतरली की बरं वाटेल. आता नाही सांगत. या पेशी जुनं हाड खातात झपाट्यानं, नवं बसतं सावकाश. सडके फाटे काढले आणि नवे ठोकायच्या आधीच कवेलू चढवले तर छप्पर खचणारच. गोळा तसाच दबतो. वर आतला दाब वाढला की उरलेल्या नसाही चेपतात. म्हणजे मरण सुजेनं सुरू झालं नाही, पण मोडतोड ती वाढवते.

मुलगा इतका वेळ गप्प होता. "सहा महिने गुडघ्यालेच तेल चोळलं. एक्सरे बी साफ निंगाला. मंग बाजारातून पुडी आनली. दोन दिवसांत चालाले लागलो, पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहल्या."

खुब्याचं दुखणं जांघेत नाहीतर गुडघ्यात उमटतं, आणि सुरुवातीला एक्सरे साफ येऊ शकतो. माझा जीव अडकला तो पुडीत. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं. ते सूज दाबतं, दुखणं लपवतं, आणि जास्त डोस किंवा जास्त दिवस घेतलं तर हाडाचा गोळा त्यानंही मरू शकतो. दुखत नाही म्हणून हा ओझं वाहत राहिला.

"किती दिवस घेतली?"

"दोन महिने."

"एकदम सोडू नको. पुडी घेऊन आत्ताच डॉक्टरांकडे जा, कशी बंद करायची ते ठरवतील."

तो उठला. काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला होती. मी ती दुसऱ्या हातात दिली. तसं धरलं की खुब्यावरचा भार कमी होतो. चार पावलं टाकून त्यानं वळून पाहिलं.

"अन् रोवणी, म्याडम?"

"यंदा नाही."

मावशीनं फिल्म पिशवीत घातली. म्हणाली, "याची बहीन घरी हाय. तिचं रगत कवा तपासू?"