वाचकांचे प्रश्न : मोहनकंस घरात वाजवावा का?

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी घरी सतारीची छोटी बैठक ठेवण्याचा विचार आहे. वडील मालकंस रागाचे वेडे होते. सतार शिकणारी माझी मुलगी त्या दिवशी ‘मोहनकंस’ वाजवू इच्छिते. परंतु शोकात जन्मलेला राग घरात वाजवू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. या रागाविषयी सांगावे, आणि तबला असावा की नसावा, हेही कळवावे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, तरीही मुलीला अवश्य वाजवू द्यावे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर आकाशवाणीसाठी तबल्याविना काही करुण वाजवावे, अशी विनंती पंडित रविशंकर यांना करण्यात आली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. ‘गांधी’ या नावात त्यांना ग, नी आणि ध हे तीन स्वर सापडले आणि त्यांभोवती त्यांनी जी सुरावट गुंफली, ती मालकंसाच्या जवळची असल्यामुळे मोहनदास या नावावरून तिला मोहनकंस म्हटले गेले. दिवंगत माणसाचे नावच स्वरांत उच्चारणारा हा राग स्मरणाच्या दिवशी वर्ज्य कसा ठरेल? ज्या घरात मालकंस आवडीने ऐकला जात होता, त्या घराला तर तो परका नाहीच.

मालकंसात ऋषभ (रे) आणि पंचम (प) नसतात, आणि गंधार (ग), धैवत (ध), निषाद (नी) कोमल, म्हणजे किंचित उतरलेले असतात. मोहनकंसात त्यात शुद्ध गंधाराची भर पडते, आणि माझ्या मते या रागाचे सारे कारुण्य त्या एका स्वरात आहे. कोमल गंधाराच्या पडद्यावर तार हलकेच खेचून मुलगी शुद्ध गंधारापर्यंत जाईल, तेव्हा मालकंसाची सवय झालेला कान क्षणभर दचकतो. रोज भरलेली असणारी खुर्ची रिकामी दिसावी, तसे काहीसे वाटते. ही मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, तिने घाईने उरकू नये, आणि त्या स्वरावर पोचल्यावर तिथे पुरेसे थांबावे.

तबला नसलेलाच बरा, कारण मूळ वादनही त्याविनाच झाले होते. अर्ध्या तासाची आलाप-जोड, म्हणजे तालाविना रागाची संथ मांडणी आणि मग लयीत केलेली बढत, पुरे होईल. पंचम वर्ज्य असल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावावी (मोबाइलवरचा तंबोरा लावणार असाल, तर त्यातही मध्यमच निवडावा), आणि तरफांमध्ये (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांमध्ये) दोन्ही गंधार मिळवून घ्यावेत, म्हणजे ती मींड घेताना तरफाही बोलतील. मालकंस उत्तररात्रीचा राग. घरच्या बैठकीला तितके जागणे जमणार नाही, पण दिवेलागणीला सुरुवात न करता जेवणे आटोपून, रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर बसावे. सासूबाईंना मुलीच्या अगदी समोर बसवावे आणि वाजवण्यापूर्वी ग, नी, ध हे तीन स्वर तिने त्यांना एकदा नुसते छेडून दाखवावेत.